फेसाची जात

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीत तेल-उटणे लावून साबण फिरवला, तर पहिल्या हाताला फेस येत नाही आणि मुले साबणाला नावे ठेवतात. दोष साबणाचा नसतो. पहिला हात अंगावरचे तेल धरण्यात खर्ची पडतो. ते सरले, की शिल्लक साबण फेसाला मोकळा होतो. म्हणून वर्गात मी सांगत असतो : फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, साबण उरल्याची ती पावती आहे.

पण काही साबण मुळातच बेताने फेसाळतात. ती जात तेलाची. फ्रान्सच्या मार्सेय शहरातल्या साबणात ऑलिव्हच्या तेलाखेरीज दुसरी चरबी घालू नये, असा हुकूम चौदाव्या लुईच्या राजवटीत १६८८ साली निघाला. मोडणाऱ्याचा माल जप्त होई. तो साबण नामांकित ठरला, पण त्याचा फेस आटोपशीर, सायीसारखा. उलट खोबरेल तेलाचा साबण भरभरून फेसाळतो. खलाशांना तो समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही उपयोगी पडे. याचे मर्म उकलण्याची वाट फ्रान्सच्याच शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने दाखवली. तेला-चरबीत निरनिराळी आम्ले ग्लिसरीनशी बांधलेली असतात, हे त्याने १८२३ च्या ग्रंथात मांडले. खोबरेलात लॉरिक आम्लाचा भरणा मोठा, आणि फेसाचे बळ त्यातच.

आपल्याकडे मात्र प्रश्न फेसाच्या आधी सोवळ्याचा होता. विलायती साबणात जनावरांची चरबी असे. असल्या वडीने मंगलस्नान कसे करायचे? स्वदेशीचे अभिमानी अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, तेव्हा घराघरांतली ती अडचण दूर झाली. तोवर रिठा आणि शिकेकाई यांवर भागत होतेच.

रिठ्याचा एक गुण साबणाला नाही. चुन्याच्या पाण्यातही रिठा फेसाळतो. साबण मात्र चुन्याशी मिळून फुटतो आणि बादलीच्या काठाला चिकट मळी धरते. शाळेच्या पुस्तकांनी अशा पाण्याला ‘दुष्फेन’ असे नेमके नाव दिले आहे. देशावरच्या पुष्कळ विहिरींचे पाणी याच जातीचे. पागोळ्यांचे पाणी तसे नसते, म्हणून जुन्या बायका ते केस धुण्यासाठी धरून ठेवीत.

तेव्हा वाचकहो, घरच्या साबणाला चांगला फेस हवा असेल, तर पाण्याला एक चांगली उकळी येऊ द्या. त्यातला काही चुना खाली बसतो; बंबाच्या आत जमणारे पांढरे कवच ते हेच. मग ते पाणी सोसेल इतके निवू द्या. वडी अंगावर घासत बसण्यापेक्षा घोसाळ्याच्या वाळल्या जाळीवर चोळा. जाळीत वारा खेळतो आणि थोड्या साबणात पुष्कळ फेस होतो. अंघोळ झाली, की वडी कोरड्या जागी ठेवा. ओल्यात राहिलेली वडी गळून जाते आणि भाऊबीजेपर्यंतही पुरत नाही.