मुदतीची समिती आणि कायमचा आयोग

राष्ट्रीय महिला आयोग ३१ जानेवारी १९९२ रोजी स्थापन झाला. जयंती पटनाईक या त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत. ज्या कायद्यान्वये हा आयोग निर्माण झाला तो १९९० चा आहे. परंतु त्या कायद्यामागील कल्पना त्याहून सोळा वर्षे जुनी असून ती एका तात्पुरत्या समितीच्या अहवालात प्रथम स्पष्टपणे मांडलेली आढळते. आयोगाचे सामर्थ्य व त्याची दुर्बलता या दोहोंचा उलगडा व्हावयाचा, तर त्या समितीपासूनच आरंभ करणे इष्ट ठरते. किंबहुना थोडे आणखी मागे जाणेही अप्रस्तुत होणार नाही.

स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारने समिती नेमण्याची प्रथा इंग्रजी अमदानीतच पडली होती. १९२८ साली संमतिवयाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्याकडे होते व रामेश्वरी नेहरू या तिच्या एक सदस्या होत्या. १८९१ च्या कायद्याने बारा व १९२५ च्या दुरुस्तीने विवाहांतर्गत तेरा असे ठरलेले वय अपुरे आहे, असा या समितीचा निष्कर्ष होता. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा व विवाहांतर्गत संमतीचे वय पंधरा असावे, असे तिने सुचविले. आणि ही दुसरी मर्यादा मोडणाऱ्या पतीच्या अपराधाला ‘वैवाहिक गैरवर्तन’ अशा अर्थाचे निराळे नाव द्यावे, असेही म्हटले. या नावात एक तडजोड दडलेली आहे. अपराध मान्य करावयाचा, परंतु त्याच्या मूळ नावाने त्याचा उच्चार करावयाचा नाही, अशी ती तडजोड होय. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात, म्हणजेच सारडा कायद्यात, यांपैकी विवाहाचे वय उतरले. संमतिवयाची शिफारस मात्र अहवालातच राहिली.

पुढे दहा वर्षांनी राष्ट्रीय नियोजन समितीने नियोजित अर्थव्यवस्थेतील स्त्रीच्या स्थानाविषयी एक उपसमिती नेमली. तिच्या अध्यक्षा राणी लक्ष्मीबाई राजवाडे या सर मोरोपंतांच्याच कन्या. पित्याच्या समितीपुढे स्त्री आली ती संरक्षणास पात्र अशी बालिका म्हणून. कन्येच्या उपसमितीने तिच्याकडे उत्पादनात भाग घेणारी व्यक्ती म्हणून पाहिले, घरकामाचे मूल्य मान्य केले आणि कुटुंबाच्या उत्पन्नात स्त्रीचा स्वतःचा असा हक्क सांगितला. एका पिढीत झालेले हे स्थित्यंतर मोठेच म्हटले पाहिजे. मात्र नियोजन समिती ही काँग्रेसने नेमलेली होती, सरकारने नव्हे. आणि स्वातंत्र्यानंतर जे नियोजन प्रत्यक्षात आले त्यात या अहवालाचे फारसे प्रतिबिंब पडले नाही.

२२ सप्टेंबर १९७१ रोजी भारत सरकारच्या शिक्षण व समाजकल्याण मंत्रालयाने ‘भारतातील स्त्रियांच्या दर्जाविषयीची समिती’ नेमली. निमित्त बाहेरचे होते. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्यासंबंधीचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांनी १९६७ साली संमत केला होता, आणि सदस्य राष्ट्रांकडून स्त्रियांच्या स्थितीविषयी अहवालांची अपेक्षा होती. फुलरेणू गुहा अध्यक्षा होत्या. मुंबईतील कामगार चळवळीच्या नेत्या मणिबेन कारा, मानवशास्त्रज्ञ लीला दुबे, कायद्याच्या प्राध्यापिका लतिका सरकार यांचा सदस्यांत समावेश होता. पुढे सदस्य-सचिव म्हणून विना मजुमदार आल्या आणि रेंगाळलेल्या कामाला गती मिळाली. समितीला लागणारे अभ्यास भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेने करवून दिले. या परिषदेचे सदस्य-सचिव, मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक, यांनी या कामाला दिलेला आधार पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. कारण समिती विसर्जित झाली तरी तिने सुरू केलेले संशोधन त्यामुळे थांबले नाही.

‘समानतेकडे’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला हा अहवाल १९७४ च्या डिसेंबरअखेर सादर झाला. राज्यघटनेने समानता दिली, कायदे झाले, मुली शिकू लागल्या, तेव्हा प्रगती होतच असली पाहिजे, अशी जी सुशिक्षितांची समजूत होती तिला अहवालातील आकड्यांनी धक्का दिला. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण १९०१ साली ९७२ होते, ते १९७१ साली ९३० वर आले होते. एकूण श्रमिकांत स्त्रियांचा वाटा १९११ साली सुमारे ३४ टक्के होता, तो १९७१ साली सुमारे १७ टक्के दिसत होता.

या दुसऱ्या आकड्याकडे जरा बारकाईने पाहणे आवश्यक आहे. १९६१ च्या जनगणनेत हंगामाच्या बहुतेक काळात रोज किमान एक तास नियमितपणे काम करणारी व्यक्तीही श्रमिक गणली गेली होती. १९७१ साली मात्र प्रत्येकाला ‘मुख्य’ व्यवसाय विचारण्यात आला. सकाळी शेण काढून, दुपारी निंदणी करून संध्याकाळी स्वयंपाक करणाऱ्या बाईचा मुख्य व्यवसाय तिच्या घरच्या पुरुषाने ‘घरकाम’ असा सांगितला की ती श्रमिकांच्या यादीतून वगळली जाई. घट केवळ व्याख्येमुळे दिसली असे म्हणता येणार नाही. स्त्रियांची पारंपरिक कामे यंत्रांनी खरोखरच हिरावली होती. तथापि एका विशेषणाच्या बदलाने किती स्त्रियांचे श्रम हिशेबाबाहेर जातात, हे या उदाहरणावरून दिसते. अहवालाने या व्याख्याबदलाची दखल घेतली होती, हे त्याच्या शास्त्रीय वृत्तीचे द्योतक होय.

शीर्षस्थानी असलेल्या ‘स्टेटस’ या शब्दाचीही अहवालाने चिकित्सा केली आहे. मराठीत त्यासाठी रूढ झालेला ‘दर्जा’ हा शब्द श्रेणी सुचवितो, तर ‘स्थान’ हा शब्द संबंध सुचवितो. समितीला दोन्ही अभिप्रेत होते, आणि कायद्याने मिळालेली श्रेणी व कुटुंबात भोगावे लागणारे स्थान यांतील अंतर हाच तिच्या अहवालाचा खरा विषय होता.

समितीत एकमत होते असे नाही. विधिमंडळांत स्त्रियांसाठी राखीव जागा असाव्यात की नसाव्यात या प्रश्नावर बहुमत प्रतिकूल पडले. ग्रामपातळीवर वैधानिक स्त्री-पंचायती असाव्यात एवढ्यावरच ते थांबले. लतिका सरकार व विना मजुमदार यांनी राखीव जागांच्या बाजूने भिन्नमतपत्रिका जोडली. पुढील काळाने अल्पमताचीच बाजू घेतली. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा राखल्या, ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी एकतृतीयांश जागांची तरतूद देशभर केली, आणि २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांसाठीही ते तत्त्व स्वीकारले. सरकारी अहवालाच्या शेवटी जोडलेली भिन्नमतपत्रिका बहुधा कोणी वाचीत नाही. येथे तीच अधिक दूरदर्शी ठरली.

केंद्रात व राज्यांत स्वायत्त, वैधानिक आयोग असावेत, ही शिफारस याच अहवालातली. तिचे पुढे काय झाले? १९७५ च्या मे महिन्यात संसदेत अहवालावर चर्चा झाली आणि जून महिन्यात आणीबाणी पुकारली गेली. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. विवाहविषयक कायद्यांत दुरुस्त्या झाल्या. आयोग मात्र झाला नाही. मधल्या काळात प्रश्न सरकारी दप्तरातून रस्त्यावर आला. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले, तेव्हा १९७९ साली चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार व रघुनाथ केळकर यांच्यासमवेत चौथी सही लतिका सरकार यांची होती. त्या पत्रातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ साली फौजदारी कायदा बदलला. आयोग नसताना आयोगाचे काम कसे होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. आणि ते आयोगाच्या समर्थकांनाही विचार करावयास लावणारे आहे.

१९९० च्या मे महिन्यात विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने आयोगाचे विधेयक लोकसभेत मांडले. मूळ मसुद्यातील आयोग फारच निर्बल असल्याची तक्रार स्त्री-संघटनांनी केली; चर्चा झाल्या, दुरुस्त्या आल्या आणि ऑगस्टअखेर कायदा झाला. त्यानुसार चौकशी करताना आयोगास दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तो साक्षीदारास बोलावू शकतो, शपथेवर जबानी घेऊ शकतो, सरकारी कागदपत्रे मागवू शकतो. त्याचे अहवाल संसदेपुढे ठेवताना कोणती शिफारस स्वीकारली, कोणती नाही व का नाही, याचे निवेदन सोबत जोडणे सरकारवर बंधनकारक आहे. स्त्रियांसंबंधीच्या सर्व प्रमुख धोरणविषयक बाबींत केंद्र सरकारने आयोगाचा सल्ला घेतलाच पाहिजे, असेही कलम १६ म्हणते. शिक्षा देण्याचा अधिकार मात्र आयोगास नाही.

हे सर्व अधिकार लक्षात घेऊनही एक मूलभूत फरक उरतो. १९७१ ची समिती सरकारनेच नेमली होती, तरी काम संपताच ती विसर्जित व्हावयाची होती. तिच्या सदस्यांना पुढील नेमणुकीची अपेक्षा नव्हती, कचेरी चालवावयाची नव्हती, अनुदान मागावयाचे नव्हते. आपल्याच सरकारच्या पंचवीस वर्षांच्या कारभारावर कठोर निर्णय देणे त्यांना त्यामुळे सोपे गेले असावे. आयोग कायमचा आहे. त्याच्या अध्यक्षांची व सदस्यांची नेमणूक केंद्र सरकार करते, तीही तीन वर्षांपेक्षा अधिक नाही. पैसा सरकार देते. समितीने स्वायत्ततेची अपेक्षा केली होती. कायद्याने वैधानिकता दिली. हे दोन शब्द अहवालात जोडीने आले होते, कायद्यात त्यांची ताटातूट झाली. शिवाय तक्रारींच्या निवारणाचे काम आयोगाकडे इतके आले की कायद्यांचे पुनरावलोकन व अभ्यास ही मूळ कामे मागे पडण्याचा धोका सतत राहिला. छळाने गांजलेली स्त्री दाराशी आली असता तिला अहवाल पूर्ण होईपर्यंत थांबण्यास कोणी सांगू शकत नाही, हेही खरे.

महाराष्ट्राने आपला राज्य महिला आयोग १९९३ साली स्थापन केला व पुढच्याच वर्षी स्वतंत्र महिला धोरण जाहीर केले. येथेही नेमणुका शासनाच्याच हाती राहिल्या. २०२० च्या फेब्रुवारीत राज्य आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी राजीनामा दिला. नव्या अध्यक्षांची नेमणूक २०२१ च्या ऑक्टोबरात झाली. मधला काळ टाळेबंदीचा होता, आणि घराबाहेर पडण्याची मुभा नसलेल्या स्त्रियांच्या तक्रारींचा प्रश्न त्याच काळात देशभर गंभीरपणे पुढे आला होता. केंद्रीय कायद्यात सदस्याच्या कार्यकालास तीन वर्षांची कमाल मर्यादा घातलेली आहे. रिक्त जागा नव्या नेमणुकीने भरावी असेही त्यात म्हटले आहे. ती किती दिवसांत भरावी, याचा उल्लेख नाही.