शिमोदा : पांच वर्षांचें महाद्वार

देशाचें दार म्हटलें कीं डोळ्यांपुढें एखादें महानगर उभें राहतें : विस्तीर्ण धक्के, गजबजलेली पेठ, सरकारी कचेऱ्या आणि नांगरून पडलेलीं शेंकडों जहाजें. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेनें जपानचें दार ठोठावलें, तेव्हां तें ज्या ठिकाणीं प्रथम उघडलें तें शिमोदा हें जेमतेम चार हजार वस्तीचें खलाश्यांचें गांव होतें. त्यापूर्वीं दोनशे वर्षांहून अधिक काळ पाश्चात्यांपैकीं केवळ डच व्यापाऱ्यांस, आणि तेंहि नागासाकीच्या एका चिमुकल्या बेटावर, जागा मिळत असे. शिमोदा १८५४ सालीं खुलें झालें आणि पांच वर्षांनीं पुन्हा मिटलें. एवढ्या अल्प अवधींत या गांवानें परराष्ट्रांशीं झालेले तह पाहिले, एक प्रलय सोसला, आणि ज्या तहानें जपानचीं मोठीं बंदरें खुलीं व्हावयाचीं होतीं त्याच तहानें आपलें स्वतःचें बंदर बंद झालेलें पाहिलें. राष्ट्रांच्या उलाढालींत लहान गांवाच्या वांट्यास काय येतें, हें समजून घेण्यास शिमोद्याचा इतिहास फार उपयोगी पडतो.

तोक्योच्या नैर्ऋत्येस इझु नांवाचें द्वीपकल्प पॅसिफिक महासागरांत दक्षिणेकडे घुसलेलें आहे. त्याच्या दक्षिण टोंकाजवळ, पूर्व किनाऱ्यावर, शिमोदा वसलें आहे. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात कीं, इझु हा मूळचा समुद्रांतील ज्वालामुखींचा समूह. फिलिपाईन समुद्राखालील भूपट्टाबरोबर उत्तरेकडे सरकत सरकत सुमारें दहा लक्ष वर्षांपूर्वीं तो जपानच्या मुख्य बेटास येऊन भिडला. त्या धडकेची खूण आजहि बुजलेली नाहीं. जागोजाग उन्हाळीं वाहतात, आणि भूकंपाची टांगती तलवारहि कायमची आहे. या भूरचनेच्या महत्त्वामुळें युनेस्कोनें २०१८ सालीं इझुस जागतिक भू-उद्यानाचा मान दिला.

गांवाच्या तिन्ही बाजूंस डोंगर आहेत. त्यांपैकीं नेसुगाता हा सुमारें दोनशे मीटर उंचीचा डोंगर उताण्या निजलेल्या स्त्रीसारखा दिसतो, म्हणून त्याचें हें नांव. इनोझावा नदी डोंगरांतून उतरून गांवाजवळ खाडीला मिळते. किनाऱ्याजवळून कुरोशिओ हा उष्ण सागरप्रवाह वाहतो, त्यामुळें येथील हिंवाळा सौम्य असतो, आणि उत्तर जपान बर्फाखालीं असतांना त्सुमेकीच्या भूशिरावर नरगिसाचीं फुलें डोलत असतात. सपाट जमीन मात्र थोडी. शेतीला वाव नाहीं आणि खुष्कीची वाट अवघड. अशा गांवाचें पोट समुद्रावरच चालावयाचें.

आणि तें चाललेंहि उत्तम. तोकुगावा शोगुनांच्या राजवटींत ओसाका आणि एदो, म्हणजे आजचें तोक्यो, यांच्या दरम्यान मालाची जी अखंड ने-आण होई, ती शिडाच्या गलबतांवर. इझुचें टोंक वळसा घालून जाणें धोक्याचें असे. म्हणून अनुकूल वारा सुटेपर्यंत गलबतें शिमोद्याच्या आडोशाला थांबत. वाऱ्याची वाट पाहणाऱ्या खलाश्यांस धान्य, पाणी, दोरखंड आणि चार घटकांची करमणूक पुरविणें हाच गांवाचा उद्योग. पुढें सरकारनें येथें जहाजांच्या तपासणीचें नाकेंहि बसविलें. सतराव्या शतकाच्या मध्यास इमामुरा देन्शिरो या अधिकाऱ्यानें समुद्राच्या बाजूस लाटा अडविणारा दगडी बांध घातला. त्याचें नांव गांवकरी अजूनहि कृतज्ञतेनें घेतात.

परंतु १७२० च्या सुमारास सरकारनें तपासणीचें नाकें उरागा येथें हलविलें. एदोच्या आखाताच्या तोंडाशीं असलेलें उरागा राजधानीला सोयीचें होतें, एवढेंच कारण. सरकारी हुकुमाच्या चार ओळींनीं शिमोद्याचा मान आणि मिळकत दोन्ही उणावलीं. राजधानीच्या सोयीसाठीं या गांवानें सोसलेली ही पहिली झीज. शेवटची मात्र नव्हे.

१८५३ सालीं अमेरिकेचा आरमारी अधिकारी मॅथ्यू पेरी आपलीं काळीं जहाजें घेऊन जपानच्या किनाऱ्यावर आला, आणि पुढील वर्षीं अधिक मोठा ताफा घेऊन परतला. ३१ मार्च १८५४ रोजीं कानागावाचा तह झाला. त्यान्वयें अमेरिकन जहाजांस कोळसा, पाणी व अन्नसामुग्री घेण्यासाठीं शिमोदा आणि हाकोदाते हीं दोन बंदरें खुलीं झालीं. शिमोद्याची निवड होण्यांत शोगुनाच्या सल्लागारांचा धूर्तपणा दिसतो. बंदर राजधानीपासून दूर आणि डोंगरांनीं तोडलेलें. परका आला तरी तो तेथेंच अडून राहील, असा हिशेब. दार उघडावयाचें खरें. परंतु तें वाड्याच्या मागच्या अंगणाचें.

एप्रिलांत पेरी शिमोद्यास आला. परकीयांनीं गांवांत कोठवर फिरावें, कोठें विसावा घ्यावा, मृतांस कोठें पुरावें, इत्यादि कलमांचा पुरवणी करार जूनमध्यें र्‍योसेन्जी या मंदिरांत झाला. या मुक्कामांतच एक प्रसंग घडला. योशिदा शोइन नांवाचा एक तरुण विद्वान आपल्या सोबत्यासह रात्रीं लहान होडींतून अमेरिकन जहाजावर चढला, आणि आपणांस परदेशीं नेऊन तेथील विद्या शिकूं द्यावी अशी त्यानें विनंती केली. देश सोडणें हा त्या काळीं देहदंडास पात्र असा गुन्हा होता. नुकताच झालेला तह बिघडूं नये म्हणून पेरीनें दोघांसहि परत पाठविलें, आणि ते कैद झाले. पुढें हागी या आपल्या गांवीं स्थानबद्ध असतां शोइननें जी लहानशी शाळा चालविली, तींतून जपानचा पहिला पंतप्रधान इतो हिरोबुमि यासारखे पुरुष निघाले. स्वतः शोइनला मात्र १८५९ सालीं एदो येथें देहान्त शासन झालें. जगाकडे जाणारी वाट त्याला शिमोद्याच्या किनाऱ्यावर क्षणभर दिसली, इतकेंच.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रशियाचा आरमारी सेनापति पुत्यातिन ‘दियाना’ हें लढाऊ जहाज घेऊन शिमोद्यास आला. त्या वेळीं रशियाचें इंग्लंड व फ्रान्स यांच्याशीं क्रिमियाचें युद्ध चालू होतें, आणि भर समुद्रांत शत्रूची गांठ पडण्याची त्याला धास्ती होती. २२ डिसेंबरला जपानी प्रतिनिधि कावाजि तोशिआकिरा व त्सुत्सुइ मासानोरि यांच्याशीं त्याची बोलणीं सुरू झालीं. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं भूमि हादरली, आणि थोड्याच वेळांत समुद्र गांवांत शिरला. सुमारें ८७५ घरांपैकीं ८४० च्या वर वाहून गेलीं किंवा जमीनदोस्त झालीं. अगदीं सुरक्षित राहिलीं तीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. शंभराच्या आसपास माणसें बुडालीं. खाडींत ‘दियाना’ जहाज भोंवऱ्यांत सांपडून अर्ध्या तासांत चाळीसहून अधिक वेळां गरगर फिरलें, आणि त्याचा तळ फुटला. अशा स्थितींतहि रशियन खलाश्यांनीं बुडणाऱ्या जपानी माणसांस वर ओढून घेतलें, आणि पुत्यातिननें जखमींसाठीं आपले वैद्य देऊं केले.

या उपकाराची फेड लवकरच झाली. दुरुस्तीसाठीं इझुच्या पश्चिम किनाऱ्यावरील हेदा बंदराकडे जातांना ‘दियाना’ वादळांत सांपडली, आणि फुजि पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या किनाऱ्याकडे भरकटली. तेथील कोळ्यांनीं दोर टाकून सुमारें पांचशें खलाशी सुखरूप किनाऱ्यावर आणले. जहाज मात्र शेवटीं बुडालें. तेव्हां हेद्याच्या सुतारांनीं रशियनांच्या देखरेखीखालीं दोन डोलकाठ्यांचें एक गलबत थोड्याच महिन्यांत बांधून दिलें, आणि पुत्यातिननें त्याला ‘हेदा’ हेंच नांव देऊन स्वदेशाची वाट धरली. पाश्चात्य धाटणीचीं जहाजें बांधण्याची विद्या जपानी सुतारांच्या हातीं आली ती बऱ्याच अंशीं या संकटांतून.

दरम्यान, ७ फेब्रुवारी १८५५ रोजीं, पडझड झालेल्या शिमोद्यांतील चोराकुजी मंदिरांत रशिया व जपान यांचा तह झाला. कुरील बेटांतील एतोरोफू आणि उरुप यांच्यामधून उभय देशांची सीमा ठरली. एतोरोफू व त्याच्या दक्षिणेच्या बेटांचा वाद दुसऱ्या महायुद्धानंतर जो उद्भवला तो अद्याप मिटलेला नाहीं. जपानांत ७ फेब्रुवारी हा दिवस १९८१ पासून ‘उत्तरेकडील प्रदेशांचा दिवस’ म्हणून पाळला जातो, त्याचें मूळ या मंदिरांत आहे. जानेवारींत कानागावाच्या तहाची मंजुरी घेऊन आलेल्या अमेरिकनांना गांव ओसाड दिसलें. परंतु लोक रडत बसलेले दिसले नाहींत. ते दगडमाती उपसून नवीं घरें उभारण्यांत गुंतले होते.

१८५६ च्या ऑगस्टांत अमेरिकेचा पहिला राजप्रतिनिधि टाउन्सेंड हॅरिस शिमोद्यास उतरला. शेजारच्या काकिझाकि गांवांतील ग्योकुसेन्जी या बौद्ध मंदिरांत त्याची वकिलात थाटली गेली, आणि ४ सप्टेंबरला मंदिराच्या आवारांत अमेरिकेचें निशाण चढलें. एक दुभाषा आणि थोडे नोकर यांच्या सोबतीनें हा मनुष्य तेथें राहिला. पुढें वर्षभर त्याच्या देशाचें एकहि लढाऊ जहाज तेथें फिरकलें नाहीं. जेथें दूध पिण्याची चाल नव्हती तेथें त्याला दूध हवें होतें. जेथें गाय केवळ कष्टासाठीं पाळीत तेथें त्याला गोमांस हवें होतें. सरकारी अंमलदार नम्रपणें लवत, आणि तितक्याच नम्रपणें प्रत्येक गोष्ट लांबणीवर टाकीत.

याच काळांत ओकिचि नांवाची एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी अंमलदारांनीं हॅरिसच्या सेवेस पाठविली. कागदपत्रांवरून पाहतां ती तेथें अवघे थोडे दिवस होती. कादंबऱ्या, नाटकें आणि चित्रपट यांनीं पुढें त्यावर मोठी प्रेमकथा रचली. सत्य याहून साधें आणि कठोर आहे. परक्याच्या घरीं राहून आली हा कलंक गांवानें तिला जन्मभर विसरूं दिला नाहीं. उतारवयांत तिनें एक खानावळ काढली, ती बुडाली. शेवटीं १८९० सालीं तिनें इनोझावा नदींत देह टाकला. ज्या गांवानें शत्रुमित्र न पाहतां परक्यांस थारा दिला, त्याच गांवाला आपल्या एका मुलीस थारा देतां आला नाहीं. आज होफुकुजी मंदिरांतील तिच्या समाधीवर लोक फुलें वाहतात. फुलें वाहणें सोपें असतें. वेळेवर हात देणें कठीण असतें.

१८५७ च्या अखेरीस हॅरिस एदोला गेला, शोगुनास भेटला, आणि २९ जुलै १८५८ रोजीं त्यानें व्यापाराचा मोठा तह पदरांत पाडून घेतला. कानागावा, नागासाकी, निइगाता आणि ह्योगो हीं बंदरें खुलीं करण्याचें ठरलें. शिमोद्याची खाडी वादळवाऱ्याला उघडी आणि पाठीमागें बाजारपेठ नाहीं. व्यापाऱ्यांस तिचा उपयोग नव्हता. म्हणून कानागावा उघडल्यावर सहा महिन्यांनीं शिमोदा बंद करावें, असें कलम त्याच तहांत पडलें. १८५९ च्या जुलैंत कानागावाजवळील योकोहामा हें कोळ्यांचें खेडें बंदर म्हणून उघडलें, आणि पुढें तें जगप्रसिद्ध शहर झालें. शिमोदा होतें तेथेंच राहिलें. वकिलातीचें निशाण उतरलें आणि मंदिरांत पुन्हा घंटेचा नाद ऐकूं येऊं लागला.

मग या गांवाच्या पदरीं काय पडलें? पहिली गोष्ट विद्या. शिमोद्यांत जन्मलेल्या शिमोओका रेन्जो यानें हॅरिसच्या दुभाष्याकडून छायाचित्रणाचें प्राथमिक ज्ञान मिळविलें, आणि पुढें योकोहामा येथें दुकान काढून तो जपानच्या आद्य व्यावसायिक छायाचित्रकारांपैकीं एक झाला. दुसरी गोष्ट दिवा. शिमोद्यासमोरील मिकोमोतो बेटावर ब्रंटन या ब्रिटिश अभियंत्याच्या देखरेखीखालीं बांधलेलें दगडी दीपगृह १८७१ च्या पहिल्या दिवशीं उजळलें, आणि तें अजूनहि खलाश्यांना वाट दाखवीत आहे. तिसरी गोष्ट घरें. चौकोनी काळसर कौलें भिंतीवर तिरकीं बसवून त्यांच्या सांध्यांवर पांढऱ्या चुन्याचे फुगीर पट्टे ओढावयाचे, अशा भिंतीला तेथें ‘नामाको’ भिंत म्हणतात. आग आणि सागरी वारा या दोहोंसहि ती दाद देत नाहीं. जुन्या वस्तींतील ओढ्याच्या कांठीं अशीं कांहीं घरें अद्याप उभीं आहेत.

पोटाचा धंदा मात्र समुद्राचाच राहिला. सोनेरी डोळ्यांची तांबडी ‘किन्मेदाइ’ मासळी धक्क्यावर उतरविणाऱ्या जपानी बंदरांत शिमोदा अग्रगण्य आहे. जवळच्या शिराहामा किनाऱ्यावर ‘तेंगुसा’ नांवाचें समुद्रशेवाळ निघतें. आपल्याकडे गृहिणी चायनाग्रास म्हणून जो पदार्थ वापरतात, तो अशाच शेवाळापासून होतो. १९६१ च्या डिसेंबरांत रेल्वे आली आणि तोक्योची माणसें उन्हाळ्यांत येथें समुद्रस्नानास येऊं लागलीं. १९७१ सालीं शिमोद्यास शहराचा दर्जा मिळाला. त्या वेळीं तीस हजारांच्या आसपास असलेली वस्ती २०२० च्या खानेसुमारींत वीस हजारांवर आली. तरुण माणसें कामासाठीं मोठ्या शहरांकडे जातात. राजधानीची ओढ अजूनहि या गांवाची झीज करीतच आहे.

१९३४ सालीं शिमोद्यांत काळ्या जहाजांचा उत्सव सुरू झाला. पेरीचें जन्मगांव न्यूपोर्ट याच्याशीं १९५८ सालीं शिमोद्याचें भगिनीत्वाचें नातें जडलें. परंतु समुद्राचा विसर पडणें या गांवाला परवडणारें नाहीं. पुढील महाभूकंपांत येथें ३३ मीटरपर्यंत उंचीची लाट येऊं शकेल, असा अंदाज जपान सरकारनें २०१२ सालीं वर्तविला. अशा किनाऱ्यावर घर बांधणें म्हणजे समुद्राशीं केलेला एक तहच आहे, आणि त्याची मुदत कोणालाच ठाऊक नाहीं.

ग्योकुसेन्जीच्या आवारांत पेरीच्या ताफ्यांतील पांच अमेरिकनांचीं आणि ‘दियाना’वरील रशियन खलाश्यांचीं थडगीं आहेत. त्यांचे देश पुढें कधीं जपानचे शत्रु झाले, कधीं मित्र. १९४१ ते १९४५ या काळांत तर अमेरिकेशीं प्राणांतिक युद्ध झालें. तहांचीं कलमें केव्हांच रद्द झालीं, सीमा बदलल्या, निशाणें उतरलीं आणि चढलीं. थडगीं मात्र जागच्या जागीं राहिलीं आणि मंदिरांतील लोकांनीं तीं राखलीं. तह राजधान्या करतात आणि राजधान्याच मोडतात. दाराशीं आलेल्याला पाणी देणें, बुडणाऱ्याला दोर टाकणें आणि परक्याचें थडगें राखणें, हें मात्र गांवाकडे असतें. शिमोद्याचें महाद्वार पांच वर्षांत बंद झालें. त्याच्या आंतलें हें लहान दार अद्याप उघडें आहे.