दोहातली हजेरी

कॉलेजच्या परंपरांचा इतिहास लिहिणाऱ्याची एक अडचण असते. पैशाचा कागद जपून ठेवला जातो, समारंभाचा कागद दुसऱ्या दिवशी झाडूवाल्याच्या टोपलीत जातो. दोहाच्या एज्युकेशन सिटीतली ‘टेक्सास ए अँड एम’ विद्यापीठाची शाखा हे त्याचं चांगलं उदाहरण. 2003मध्ये सुरू झालेलं हे छोटं कॉलेज. केमिकल, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल आणि पेट्रोलियम इंजिनीअरिंग एवढेच चार पदवी अभ्यासक्रम आणि विद्यार्थी काहीशे. पण त्याच्या खर्चाच्या कागदांवरून 2018मध्ये त्याला निधी देणारं कतार फाउंडेशन टेक्सासच्या कोर्टात गेलं. एका अमेरिकी संस्थेनं माहितीच्या कायद्याखाली निधीचा तपशील मागितला होता आणि तो बाहेर जाऊ नये अशी फाउंडेशनची मागणी होती. तिथले विद्यार्थी दर एप्रिलला काय करतात, त्याच्या कागदांसाठी कुणी कोर्टात गेलं नाही.

ते ‘मस्टर’ करतात. 21 एप्रिलला किंवा त्याच्या आसपास जगभरातले या विद्यापीठाचे आजी-माजी विद्यार्थी आपापल्या गावी जमतात. वर्षभरात वारलेल्यांची नावं एकेक करून पुकारली जातात. प्रत्येक नावाला हजर असलेल्यांपैकी कुणीतरी ‘हजर’ म्हणतं आणि मेणबत्ती लावतं. नाटक म्हणावं तर संवाद एका शब्दाचा आणि प्रमुख पात्र गैरहजर.

ही प्रथा कुठून आली, ते तपासण्यासारखं आहे. माजी विद्यार्थ्यांचा पहिला मेळावा सापडतो तो 26 जून 1883चा. तेव्हा टेक्सासमधलं मूळ कॉलेज सात वर्षांचं होतं. 21 एप्रिल ही तारीख नंतरची. 1836मध्ये त्या दिवशी सॅन हसिंटोच्या लढाईत टेक्सासनं मेक्सिकोच्या सांता आनाला हरवलं, म्हणून टेक्सासमध्ये तो उत्सवाचा दिवस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून विद्यार्थ्यांनी तो आपलासा केला.

पण मस्टरला आजचं वजन आलं ते 1942मध्ये, तेही टेक्सासपासून हजारो मैलांवर. मनिलाच्या उपसागराच्या तोंडाशी असलेल्या कॉरेगिडोर बेटाला जपानी सैन्यानं घेरलं होतं. तिथल्या किनारी तोफखान्याचे प्रमुख जनरल जॉर्ज मूर हे टेक्सासच्या त्याच कॉलेजचे, 1908च्या तुकडीचे. त्यांनी आणि मेजर टॉम डूली यांनी बेटावरच्या 25 माजी विद्यार्थ्यांची यादी केली. ती बातमी अमेरिकेत पोचली आणि ‘तोफांच्या माऱ्यात हजेरी’ ही कथा रूढ झाली.

इथे जरा थांबायला हवं. 9 एप्रिलला समोरचं बातान पडलं आणि तिथून कॉरेगिडोरवर सतत गोळे येऊ लागले. माणसं निरनिराळ्या तोफांवर विखुरलेली. अशा वेळी पंचवीस जण एका जागी उभे राहून हजेरी देत होते, हे मला पटत नाही. भक्कम आहे ती फक्त यादी. बेट 6 मे रोजी पडलं आणि यादीतले निम्मेही घरी परतले नाहीत. खरा मेळावा झाला तो युद्ध संपल्यावर, एप्रिल 1946मध्ये. मालिंटा बोगद्याच्या तोंडाशी 128 जण उभे आहेत, असा त्याचा फोटो शिल्लक आहे. 1942चा प्रसंग लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो बहुधा या फोटोमुळे.

म्हणूनच दोहातलं मस्टर ही मूळ प्रथेची फिकी नक्कल आहे, असं म्हणता येत नाही. मूळही परमुलखात, कागदावरच्या नावांतून उभं राहिलं. सॅन हसिंटोशी दोहातल्या मुलामुलींचं काही देणंघेणं नाही, तारीख उसनीच आहे. त्यांच्या बोटातली विद्यापीठाची अंगठीही 1889पासून चालत आलेल्या परंपरेतली. पण पुकारलेल्या नावांत दोहात शिकलेला, शिकवून गेलेला कुणी असला की ती हजेरी त्यांची होते. पुण्याच्या सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजात 1928पासून बोट क्लब आहे. तिथल्या रेगाटातलं मशालनृत्य पाहताना वल्हवण्याचा हा खेळ मुळात साहेबाचा, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. प्रथा अशाच मुरतात. त्याला वेळ मात्र लागतो.

तो वेळ दोहाला मिळणार नाही. 8 फेब्रुवारी 2024 रोजी विद्यापीठाच्या नियामक मंडळानं 7 विरुद्ध 1 मतानं ही शाखा 2028पर्यंत बंद करायचं ठरवलं. मंडळानं पश्चिम आशियातल्या अस्थिरतेचं कारण दिलं, तर कतार फाउंडेशननं खोट्या प्रचाराला दोष दिला. या दोन्ही बाजूंचे कागद उद्याच्या अभ्यासकाला मिळतीलच.

मस्टरच्या पत्रिका, पुकारलेल्या नावांच्या याद्या, मुलांनी काढलेले फोटो यांचं तसं नाही. दोहात मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यांतल्या कुणाच्या मुलामुलीनं या कॉलेजात शिक्षण घेतलं असेल, तर कपाटातले असे कागद फेकू नका. मागे तारीख आणि नावं लिहा आणि एक प्रत टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन गावी विद्यापीठाच्या कुशिंग ग्रंथालयाकडे पाठवा. विद्यापीठाचं दप्तर तिथेच असतं.