धीर (ख्रिस्ती संकल्पना)

धीर ही ख्रिस्ती धर्मातील एक सद्गुणवाचक संकल्पना आहे. संकट, छळ किंवा अन्याय सोसत असताना सूडाचा मार्ग न धरता, अंतिम न्याय देवाच्या हाती आहे या श्रद्धेवर टिकून राहणे, असा तिचा अर्थ केला जातो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात तिच्यासाठी धीर, सहनशीलता, सोशिकपणा आणि सहनशक्ती हे शब्द वापरले जातात. येशू ख्रिस्ताचे पुनरागमन आणि त्या वेळी होणारा न्याय यांच्या अपेक्षेशी ही संकल्पना जोडलेली आहे. त्यामुळे केवळ दुःख गिळण्याच्या वृत्तीपासून ती वेगळी मानली जाते. ती अन्यायग्रस्तांना बळ देते की त्यांना निष्क्रिय करते, हा तिच्याविषयीचा प्रमुख वादविषय आहे.

संज्ञा

नव्या कराराच्या मूळ ग्रीक संहितेत या अर्थाचे दोन शब्द येतात. मक्रोथुमिया या शब्दाचा धात्वर्थ राग लांबणीवर टाकणे असा आहे. तो प्रामुख्याने माणसांकडून होणारा त्रास सोसण्यासाठी वापरला जातो. देव पाप्यांविषयी जो धीर धरतो त्यालाही हाच शब्द आहे. हुपोमोने म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणे, जागा न सोडणे. हा शब्द बहुधा परिस्थितीच्या आघातांसंदर्भात येतो. लॅटिन भाषेतील पातिएन्तिया हा शब्द ‘सोसणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून बनला असून पाश्चात्त्य धर्मशास्त्रात तोच रूढ झाला.

बायबलमधील आधार

जुन्या करारात धीराचे मुख्य उदाहरण ईयोबाचे आहे. संपत्ती, मुले आणि आरोग्य गमावल्यावरही ईयोब देवाला सोडत नाही; मात्र तो गप्पही बसत नाही. ईयोबाच्या पुस्तकाचा मोठा भाग त्याच्या तक्रारीने, मित्रांशी झालेल्या वादाने आणि देवाकडे मागितलेल्या जाबाने व्यापलेला आहे. स्तोत्रसंहितेतील विलापस्तोत्रांत, उदाहरणार्थ १३व्या स्तोत्रात, आणखी किती काळ वाट पाहायची हा प्रश्न देवालाच विचारलेला आढळतो. तक्रार आणि धीर यांचे हे सहअस्तित्व बायबलमधील संकल्पनेचे वैशिष्ट्य मानले जाते.

नव्या करारात या विषयाचे सर्वांत नेमके विवेचन याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायात आहे. अध्यायाच्या आरंभी (५:१–६) पत्रलेखक श्रीमंत जमीनदारांवर कठोर टीका करतो. कापणी करणाऱ्या मजुरांची मजुरी त्यांनी अडकवून ठेवली असून त्या मजुरांचा आक्रोश देवापर्यंत पोहोचला आहे, असे तो सांगतो. त्यानंतर लगेच (५:७–११) तो वाचकांना प्रभूच्या आगमनापर्यंत धीर धरण्यास सांगतो आणि त्यासाठी शेतकरी, संदेष्टे व ईयोब यांची उदाहरणे देतो. न्यायाधीश दाराशी उभा आहे, म्हणून एकमेकांविरुद्ध कुरकुर करू नये, असा इशाराही त्यात आहे. हे दोन भाग एकत्र वाचले असता धीराचा उपदेश अन्याय झाकण्यासाठी नसून अन्यायाची नोंद झाल्यानंतर केलेला आहे, असे दिसते. ज्यांची मजुरी बुडाली त्यांना धीर सांगितला आहे. ज्यांनी ती बुडवली त्यांना न्यायाची धास्ती घातली आहे.

इतर संदर्भांपैकी रोमकरांस पत्रात (५:३–५) संकटातून धीर, धीरातून कसोटीस उतरलेले शील आणि त्यातून आशा असा क्रम सांगितला आहे. त्याच पत्रात (१२:१९) सूड घेण्याचा अधिकार देवाचा असल्याचे म्हटले आहे. लूककृत शुभवर्तमानातील (१८:१–८) दृष्टान्तात एक विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाऊन न्याय पदरात पाडून घेते. येथे चिकाटी हेच धीराचे रूप आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकात (६:९–११) हुतात्म्यांचे आत्मे न्यायाला होणाऱ्या विलंबाविषयी विचारणा करतात व त्यांना आणखी थोडा काळ थांबण्यास सांगितले जाते. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (३:९) या विलंबाचे कारण दिले आहे: लोकांना पश्चात्तापाची संधी मिळावी म्हणून देव स्वतःच धीर धरतो.

शेतकऱ्याचे रूपक

याकोबाच्या पत्रातील शेतकरी पहिल्या व शेवटच्या पावसाची वाट पाहतो. पॅलेस्टाईनमध्ये पहिला पाऊस साधारणतः ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये पडतो व त्याने जमीन पेरणीयोग्य होते. मार्च–एप्रिलमधील शेवटच्या पावसाने दाणा भरतो. या दोन पावसांच्या मधला काळ शेतकऱ्याच्या हाती नसतो. मात्र नांगरट, पेरणी व राखण त्यालाच करावी लागते.

महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतीशी परिचित वाचकांना हे रूपक समजण्यास सोपे जाते. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट आणि परिसरातील गावे अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतात. अशा भागात खरिपाची भिस्त मृगाच्या पावसावर असते, तर रब्बी ज्वारीची पेरणी हस्त नक्षत्राच्या आणि परतीच्या पावसाने जमिनीत धरलेल्या ओलीवर अवलंबून असते. येथे क्रम पॅलेस्टाईनच्या उलट आहे, कारण परतीचा पाऊस पेरणीआधी येतो. पण कष्ट करून पावसाची वाट पाहण्याची स्थिती तीच राहते. हे प्रतीक्षेचे रूपक असले तरी त्यातील शेतकरी रिकामा बसलेला नाही, याकडे भाष्यकार लक्ष वेधतात. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रातही (३:६–१२) काम न करता राहणाऱ्यांची कानउघाडणी केलेली आहे.

धर्मशास्त्रीय विकास

कार्थेज येथील तर्तुल्यन याने इ.स. २००च्या सुमारास धीरावर लॅटिनमध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. स्वतःच्या अंगी हा गुण नसताना आपण त्याविषयी लिहीत आहोत, अशी कबुली त्याने ग्रंथारंभी दिली आहे. त्याच नगराचा बिशप सिप्रियन याने २५६ मध्ये याच विषयावर लेखन केले. रोमन सम्राट डेशियसच्या काळातील छळ व त्यापाठोपाठ आलेली साथ त्याने अनुभवली होती. २५८ मध्ये त्याला देहदंड देण्यात आला. पाचव्या शतकात ऑगस्टीनने धीर ही मानवी इच्छाशक्तीची कमाई नसून देवाची देणगी आहे, असे प्रतिपादन केले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने धीराला धैर्य या मुख्य सद्गुणाचा एक भाग मानले. दुःखामुळे विवेक ढळू न देणे हे त्याच्या मते धीराचे कार्य होय.

महाराष्ट्रातील परंपरा

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाची जडणघडण मोठ्या प्रमाणावर दुष्काळांच्या काळात झाली. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये अहमदनगर येथे काम सुरू केले. १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. १८७६–७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर अहमदनगर भागातील महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. या नवख्रिस्तींना जातिभेद, गावकीतील बहिष्कार आणि पोटासाठी धर्म बदलल्याचा आरोप यांना तोंड द्यावे लागले.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे जीवन या परंपरेत धीराचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व बहीण मरण पावले. १८८२ मध्ये पतीचे निधन झाले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये सदनावर तीव्र टीका झाली व अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार स्त्रिया व मुलींना आश्रय दिला. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. तेथे विहिरी, शेती, विणकाम आणि छापखाना यांद्वारे आश्रित स्त्रियांना काम शिकवले जाई. १९०५ मध्ये येथे झालेल्या धार्मिक पुनरुज्जीवनाची नोंद जगभरातील ख्रिस्ती इतिहासलेखनात घेतली जाते. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा हिच्या मृत्यूनंतरही त्यांनी हे काम सोडले नाही. भाषांतराची मुद्रित आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. वियोग, दारिद्र्य व अपत्यवियोग यांचे वर्णन त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सोप्या, अनेकदा विनोदी भाषेत केले आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी पुढे नेले.

टीका आणि पुनर्विचार

न्याय परलोकावर किंवा भविष्यकाळावर सोपवल्याने सध्याचा अन्याय टिकून राहतो, असा आक्षेप या संकल्पनेवर घेतला जातो. कार्ल मार्क्सची धर्मविषयक टीका याच प्रकारची आहे. महाराष्ट्राच्या संदर्भात बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयी केलेले लेखन महत्त्वाचे मानले जाते. मिशनरींची शिकवण माणसाच्या अधोगतीचे कारण त्याच्या पापात शोधते, अन्यायी समाजरचनेत नाही. परिणामी धर्मांतरितांमध्ये त्या रचनेविरुद्ध लढण्याची प्रेरणा निर्माण होत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते.

१९८० च्या दशकात अरविंद निर्मल आदी अभ्यासकांनी मांडलेल्या दलित ईश्वरविद्येने दुःखाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. सोसणाऱ्याचे दुःख हे त्याच्या पापाचे फळ नसून देवाला ओळखण्याचे ठिकाण आहे, आणि ख्रिस्त स्वतः त्या दुःखात सहभागी आहे, अशी या विचाराची भूमिका आहे. अशा वाचनात याकोबाच्या पत्रातील मजुरांचा आक्रोश व त्यांना सांगितलेला धीर हे एकाच मागणीचे दोन भाग ठरतात.

हा प्रश्न व्यवहारातही उभा राहिलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांचा त्यात समावेश झाला; दलित ख्रिस्ती मात्र त्याबाहेर राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माधारित अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने या विषयासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. दलित ख्रिस्ती संघटनांनी यासाठी न्यायालयात याचिका, निवेदने व मोर्चे हे मार्ग अवलंबले आहेत.

उपासनेतील स्थान

नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ हा प्रतीक्षेचा काळ म्हणून पाळला जातो. त्यात येशूच्या जन्माबरोबरच त्याच्या पुनरागमनाचेही चिंतन केले जाते. अनेक पंथांच्या वाचनक्रमात याकोबाच्या पत्रातील शेतकऱ्याचा उतारा या काळात वाचला जातो. मत्तयकृत शुभवर्तमानातील (२५:३१–४६) न्यायाच्या वर्णनात भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा आणि आजाऱ्याला सेवा मिळाली की नाही हीच कसोटी सांगितली आहे. त्यामुळे प्रतीक्षेच्या काळातील सेवाकार्य हा धीराचाच भाग मानला जातो.

हे सुद्धा पहा

याकोबाचे पत्र
ईयोबाचे पुस्तक
पंडिता रमाबाई
लक्ष्मीबाई टिळक
दलित ख्रिस्ती