गोव्याचे पाद्री फितूर होते का? थोडा इतिहास, थोडा हिशेब

दरवर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाचे मेसेज फिरायला लागतात. त्यात हुतात्म्यांना वंदन असतं, ते असायलाच हवं. पण सोबत एक शेपूटही असतं: "चर्च पोर्तुगीजांना सामील होतं, पाद्री सगळे सालाझारचे हस्तक." आणि मग तिथून गाडी थेट आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्यापर्यंत येते. म्हणून हा विषय एकदा नीट मांडावा म्हटलं. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी आरोपातलं खरं काय ते सांगतो. गोव्यातलं चर्च आणि पोर्तुगीज सरकार यांचं नातं साधं नव्हतं. 'पाद्रोआदो' नावाची जुनी व्यवस्था होती. धर्मप्रसाराचा खर्च पोर्तुगालच्या राजाने करायचा आणि बदल्यात बिशप कोण व्हावा हे सुचवायचा हक्क राजाचा. राजा गेला, प्रजासत्ताक आलं, मग सालाझारची हुकूमशाही आली, तरी हा हक्क टिकला. १९४० साली सालाझारने व्हॅटिकनशी करार करून तो पुन्हा पक्का केला. म्हणजे लिस्बनला नको असलेला माणूस गोव्याच्या आर्चबिशपच्या खुर्चीवर बसणं जवळजवळ अशक्य. अशी संस्था सरकारविरुद्ध उभी राहील ही अपेक्षाच कठीण. संस्था म्हणून चर्चने मुक्तिलढ्याला पाठबळ दिलं नाही, हे मान्य केलंच पाहिजे.

आता पुढचं. १९ डिसेंबर १९६१ ला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. त्यावेळी आर्चबिशप होते दों जुझे व्हिएरा आल्व्हरनाझ. मूळचे आझोर्स बेटांवरचे. त्यांना कुणी हाकललं नाही. १९६२ मध्ये ते व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेसाठी युरोपला गेले आणि परत आलेच नाहीत. गंमत बघा, पद मात्र त्यांच्याच नावावर राहिलं! कारण पोर्तुगाल गोवा गेल्याचं मान्यच करत नव्हता आणि व्हॅटिकनला पोर्तुगालशी भांडण नको होतं. गोव्यात कारभार स्थानिक बिशपांनी बघितला. १९७४ च्या एप्रिलमध्ये लिस्बनमधली हुकूमशाही पडली, डिसेंबरमध्ये पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं करारावर सही करून मान्य केलं, आणि १९७५ मध्ये आल्व्हरनाझ यांचा राजीनामा झाला. गोव्याचेच राऊल गोन्साल्विस आर्चबिशप झाले ते १९७८ साली. राज्य गेल्यावर सोळा वर्षं लागली.

दुसरी गोष्ट मोन्सिन्योर मोंतेरो यांची. हे गोव्यातले रहिवासी धर्मगुरू. मार्च १९६२ मध्ये केंद्र सरकारने नागरिकत्वाचा आदेश काढला: गोव्याचे लोक भारतीय नागरिक, पण ज्याला पोर्तुगीजच राहायचं असेल त्याने महिनाभरात लिहून द्यावं. मोंतेरो यांनी लिहून दिलं. त्यांना नोव्हेंबर १९६४ पर्यंत राहण्याची परवानगी मिळाली. मुदत संपली, त्यांनी ती वाढवून मागितली नाही. देश सोडण्याचा हुकूम झाला, तोही पाळला नाही. खटला झाला, तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. त्यांचं म्हणणं होतं की गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, त्यामुळे जिनिव्हा कराराप्रमाणे मला बाहेर काढता येणार नाही. मार्च १९६९ मध्ये कोर्टाने ते फेटाळलं: गोवा भारतात विलीन झाला तेव्हाच 'ताबा' संपला.

यात एक बारकावा आहे, तो फार महत्त्वाचा. मोंतेरो यांच्यावरचा खटला फितुरीचा नव्हता. पोर्तुगीजांना साथ दिली म्हणून किंवा पाद्री आहेत म्हणून त्यांना शिक्षा झाली नाही. परदेशी नागरिक मुदत संपूनही राहिला, एवढाच गुन्हा. भारत सरकारला सूडच घ्यायचा असता तर सोपं होतं. सरकारने कागद आणि कायदा हा रस्ता घेतला. याचा अभिमान वाटायला हवा.

आणि त्याच वर्षी, जानेवारी १९६९ मध्ये, पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले आपले मोहन रानडे. सांगलीचे, गोव्यात मराठी शिकवायला गेलेले. १९५५ पासून कैदेत. गोवा मुक्त झाला तरी हा माणूस सात वर्षं लिस्बनजवळच्या तुरुंगात होता. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी जिवाचं रान केलं. रानडे २०१९ मध्ये आपल्या पुण्यातच गेले. एका बाजूला तीस दिवस, दुसऱ्या बाजूला तेरा वर्षं. दोन राज्यांमधला फरक यातच कळतो.

आता "पाद्री सगळे" या शब्दांकडे येऊ. १७८७ साली गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध जो पहिला मोठा कट झाला, 'पिंटोंचा उठाव' म्हणतात तो, त्याचे पुढारी कोण? गोमंतकीय पाद्रीच. युरोपियन पाद्र्यांना बढती आणि आपल्याला दुय्यम जागा, हा राग होता. कट फुटला. डिसेंबर १७८८ मध्ये पंधरा जणांना देहान्त झाला आणि पाद्र्यांना जहाजात घालून लिस्बनच्या तुरुंगात धाडलं. पुढे विसाव्या शतकात त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, पीटर आल्वारिस हे लढ्याचे पुढारी ख्रिस्ती घरांतलेच. १९५५ मध्ये नेहरू पोपना भेटून आले आणि गोव्याचा प्रश्न धार्मिक नाही, राजकीय आहे, यावर दोघांचं एकमत असल्याचं त्यांनी सांगितलं.

पुणेकरांना तर हे जास्त कळायला हवं. मे १९५५ मध्ये सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले ते कुठल्या धर्माविरुद्ध नाही. क्वार्टर गेटचं सिटी चर्च उभं आहे ती जागा सवाई माधवरावांनी १७९२ साली दिली, आपल्या फौजेतल्या पोर्तुगीज शिपायांसाठी. आणि पेशवाई बुडाल्यावर शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लावणारा बाळाजीपंत नातू कुणी पाद्री नव्हता. पेशव्यांची दक्षिणा घेणाऱ्या शास्त्र्यांना एल्फिन्स्टनने दक्षिणा चालू ठेवली, १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात पाठशाळा काढून दिली. त्यांनी ती घेतली. पोट आणि विद्या दोन्ही सांभाळायचं होतं. त्यासाठी आपण सगळ्या शास्त्र्यांना फितूर म्हणत नाही, नातूला नावाने म्हणतो. बरोबरच आहे ते.

हाच नियम गोव्याला लावा. ज्याने खबर दिली, ज्याने छळ केला, त्याचं नाव घ्या, पुरावा द्या, जरूर बोला. चर्च या संस्थेच्या गप्प बसण्यावरही बोला. पण झग्याचा रंग बघून फितुरी ठरवायची नाही, आणि साठ वर्षांपूर्वीचा हिशेब कॅम्पातल्या किंवा वसईतल्या आजच्या माणसाकडे मागायचा तर अजिबातच नाही.

पुढचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी एवढं विचारा: नाव काय, वर्ष कुठलं, पुरावा कुठे? उत्तर नसेल तर तो इतिहास नाही, नुसती चुगली आहे.