वस्तीतून मोबाइलवर : एचआयव्ही प्रतिबंधाची बदलती वाट

भारतातील एचआयव्ही प्रतिबंधाचे काम दीर्घकाळ पत्त्यावर चालले. मुंबईत कामाठीपुरा, पुण्यात बुधवार पेठ, सांगलीत गोकुळनगर, कोलकात्यात सोनागाची. कार्यकर्ती रोज त्याच गल्लीत जात असे, तेच जिने चढत असे. निरोधची पाकिटे द्यायची, गुप्तरोगाच्या तपासणीला सोबत न्यायचे, चाचणीसाठी मन वळवायचे, असे हे काम. गेल्या दीड-दोन दशकांत हा पत्ताच हलला आहे. गिऱ्हाईक मोबाइलवर ठरते आणि भेट लॉजवर किंवा भाड्याच्या खोलीत होते. समलिंगी पुरुषांच्या भेटीही बागा व रेल्वे स्थानकांच्या आडोशापेक्षा डेटिंग अ‍ॅपवर अधिक जुळू लागल्या. साहजिकच, गल्लीबोळांचे नकाशे हाती घेऊन फिरणाऱ्या यंत्रणेला यांतील अनेक जण दिसेनासे झाले.

देशात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत, देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या रक्तनमुन्यांत झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) स्थापन झाली. त्याच वर्षी सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी वस्तीतील महिलांनाच आरोग्य कार्यकर्त्या केले. सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेनेही हाच मार्ग धरला. ‘आपल्यातली बाई सांगते’ या विश्वासावर निरोधचा वापर वाढला. मुंबईत समलिंगी पुरुषांसाठी १९९४ पासून हमसफर ट्रस्ट काम करीत आहे.

या प्रयत्नांना यश आले. तरी धोका सर्वांसाठी सारखा कमी झालेला नाही. नॅकोच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशातील प्रौढांमध्ये लागणीचे प्रमाण ०.२१ टक्के होते. त्याउलट २०१७ च्या पाहणीत देहविक्रय करणाऱ्या महिलांमध्ये ते १.५६, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये २.६९, तृतीयपंथीयांमध्ये ३.१४, तर सुईद्वारे अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये ६.२६ टक्के आढळले. बाधितांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात, २०२१ मध्ये सुमारे ३.९४ लाख होती.

त्यामुळे गिऱ्हाईक जेथे ठरते तेथे कार्यकर्त्यांनी जायचे, असा विचार पुढे आला. संस्थेचा प्रशिक्षित कार्यकर्ता डेटिंग अ‍ॅपवर आपली ओळख न लपवता खाते उघडतो, विचारलेल्या शंकांना उत्तरे देतो आणि तयारी दिसली की जवळच्या चाचणी केंद्राची वेळ ठरवून देतो. हे वरवर सोपे वाटते. पण येथे कार्यकर्त्याने आपणहून संदेशांचा मारा केला, तर समोरचा एका क्षणात त्याला बंद करून टाकतो. गल्लीत निदान ओळखीचा चेहरा होता.

निव्वळ यंत्रावर विसंबून काय होते, याचे उत्तर दोन अभ्यासांत सापडते. दोन्ही अभ्यास उपचारांवरील रुग्णांचे आहेत. परंतु औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू आढळण्याच्या पातळीखाली राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण पुढे जात नाही. म्हणून ते प्रतिबंधालाही लागू पडतात. केनियात ५३८ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्यांना आठवड्यातून एकदा ‘मांबो?’, म्हणजे ‘कसे काय?’ एवढाच एसएमएस जाई. अडचण कळवणाऱ्याला परिचारिका फोन करीत असे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषधे नीट घेणाऱ्यांचे प्रमाण संदेश मिळालेल्या गटात ६२, तर इतरांत ५० टक्के होते. दक्षिण भारतात ६३१ रुग्णांच्या अभ्यासात स्वयंचलित कॉल व चित्रसंदेश पाठवण्यात आले. २०१४ च्या अहवालानुसार त्यांचा उपचाराच्या परिणामावर फरक पडला नाही. अभ्यासांच्या पद्धती वेगळ्या असल्याने थेट तुलना करता येत नाही. तरीही पलीकडून माणूस बोलतो की ध्वनिमुद्रण, हा भेद नजरेआड करण्याजोगा नाही.

घरी स्वतः करावयाच्या चाचणीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केली. हिरड्यांवरून फिरवलेल्या पट्टीवर अर्ध्या तासाच्या आसपास निकाल दिसतो. केंद्राच्या दारात कुणी पाहील, ही धास्ती राहत नाही. मात्र निकाल सकारात्मक आला, तरी ते अंतिम निदान नव्हे. केंद्रात पुष्टी करावीच लागते. लागणीनंतर काही आठवडे चाचणी नकारात्मकही येऊ शकते. अशा वेळी हातात पट्टी घेऊन एकट्या बसलेल्या माणसाला फोनवर समुपदेशक मिळणार नसेल, तर या सोयीचा उपयोग निम्माच.

सर्वांत नाजूक बाब गोपनीयतेची. ‘ग्राइंडर’ हे अ‍ॅप वापरणाऱ्यांनी नोंदवलेली एचआयव्हीविषयक माहिती दोन बाहेरच्या कंपन्यांना पुरवली जात असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले व टीकेनंतर ती पद्धत थांबवण्यात आली. सिंगापूरमध्ये तर सरकारी नोंदवहीतील १४,२०० बाधितांचा तपशील फुटल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. भारतात १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार चाचणीसाठी संमती व माहितीचे संरक्षण बंधनकारक आहे. देहविक्रय करणाऱ्या महिलांना नॅको किंवा राज्य संस्थेच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड द्यावे आणि त्यात त्यांचा व्यवसाय उघड करणारे कोणतेही चिन्ह नसावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. धाक किती खोल आहे, हे यावरून कळावे.

शिवाय मोबाइल प्रत्येकाच्या हाती आहे, हे गृहीतही तपासून पाहावे लागेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधी तरी वापरल्याचे ५७.१ टक्के पुरुषांनी, परंतु केवळ ३३.३ टक्के महिलांनी सांगितले. अनेकींचा फोन घरातील मुले, नवरा किंवा मालकीणही हाताळते. पडद्यावर झळकलेला ‘एचआयव्ही’ हा एकच शब्द घर मोडू शकतो. ‘कसे काय?’ एवढ्या दोन शब्दांचा संदेश म्हणूनच शहाणपणाचा.

सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत (आयसीटीसी) चाचणी विनामूल्य असून, १०९७ या नि:शुल्क मदतवाहिनीवर नाव न सांगताही माहिती मिळते. साध्या फोनवरूनही ती लागते.