हाली सिक्क्याची साक्ष

बदलीच्या नोकरीत माणूस जसा गावोगाव फिरतो, तसेच नाणेही फिरते. फरक इतकाच की नाण्याला घरी जाण्यासाठी रजा मिळत नाही. हा विचार आमच्या मनात आला तो नोएडात. येथील सरकारी टांकसाळीत १९८८ पासून नाणी पाडली जात आहेत. सालाखालचा लहानसा ठिपका ही तिची खूण, तर तारा ही हैदराबादची. सुट्या पैशांतून ठिपके नि तारे वेगळे करण्याचा छंद आम्हांस जडला आणि त्या ताऱ्याचा माग काढीत आम्ही आमच्याच घरातील एका पितळी डब्यापाशी येऊन पोहोचलो.

मराठवाड्याहून आलेल्या त्या डब्यात मूठभर काळपट कांस्य नाणी होती. कुणी दोन पैंचे, कुणी सहा पैंचे, म्हणजे अर्ध्या आण्याचे. एका बाजूस रेषांची गुंतागुंत दिसते. प्रथमदर्शनी ती नक्षी वाटते, पण वस्तुतः ती अक्षरे आहेत. ‘निजाम-उल्-मुल्क आसफजाह बहादुर’ ही पदवी अरबी लिपीत, तुघरा नावाच्या गुंफणीत लिहिलेली आहे. १८५७ पर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. दिल्लीचे तख्त गेल्यावर त्या जागी ही पिढीजात पदवी आली. राज्यकर्त्याचे पूर्ण नाव तेथे नसल्यामुळे नाणे महबूब अली खानांच्या काळचे की १९११ साली गादीवर आलेल्या उस्मान अली खानांच्या काळचे, हे ठरविण्यास साल वाचता येणे अगत्याचे ठरते.

नाण्यावर साले दोन असतात: एक हिजरी, दुसरे राज्यारोहणापासूनचे. अंक वाचणे फारसे कठीण नाही. शून्याच्या जागी केवळ ठिपका असतो, हे मात्र ध्यानी ठेवावे. अरब लोक या अंकांना ‘हिंदी अंक’ म्हणतात, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. समजा, नाण्यावर १३४२ आहे. नवशिका त्यात सरळ ६२२ मिळवितो आणि १९६४ सालाशी येऊन अडखळतो, कारण तेव्हा निजामी राजवट उरलीच नव्हती. हिजरी वर्ष चांद्र असून सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणून १३४२ मधून त्याचा तेहेतिसावा भाग, म्हणजे सुमारे ४१, वजा करून मग ६२२ मिळवावेत. उत्तर येते १९२३.

त्या साली औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड येथील बाजारांत हेच पैसे खुळखुळत होते. निजामाचा रुपया तो ‘हाली’ आणि इंग्रजांचा तो ‘कलदार’. शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहास सात, असा सरकारी भाव होता. औरंगाबादचा मनुष्य रेल्वेने इंग्रजी हद्दीतील मनमाडास उतरला की त्याच्या कनवटीच्या पैशाची किंमत बदलत असे. दोन्ही गावांची भाषा एक, पंचांग एक, पण पैसा वेगळा!

नातलगांपैकी एका वृद्धाने आम्हांस विचारले, “ज्या राजवटीशी आपली माणसे झुंजली, तिची नाणी कशाला जपता? मोडीत घाला.” प्रश्न रास्त होता. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी मराठवाड्याने काय सोसले, हे आम्ही विसरलेलो नाही. तथापि आमचे उत्तर असे, की नाण्यावरची पदवी राजाची असली तरी नाण्याची झीज प्रजेची असते. रुप्याचा चारमिनारी रुपया पेटीत पडून राहिला. दोन पैंचे नाणे मात्र मीठ, तेल, कंदील यांसाठी हातोहात फिरले. आमच्या आजीच्या पिढीतील ज्या बायकांनी एक ओळही लिहून ठेवली नाही, त्यांच्या व्यवहाराचा एवढाच लेख मागे उरला आहे.

तो लेखही किती नाजूक! आमच्या घरी कुणी सद्भावनेने एक नाणे चिंच लावून घासले. ते लखलखले खरे, पण आधीच पुसट झालेले साल साफ गेले. तेव्हापासून आम्ही नाणे मऊ कापडाने टिपतो, घाशीत नाही. अरबी अक्षर दिसताच ‘मोगली’ म्हणून ते खरेदीही करीत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मोरोक्कोची अशीच कांस्य नाणी पॅरिस नि बर्लिन येथेही पाडली गेली होती.

‘हाली’ या शब्दाचा अर्थ ‘चालू’. १९५० मध्ये हैदराबादची टांकसाळ भारत सरकारकडे आली, आणि ते चालू नाणे हळूहळू चलनातून गेले. आज आमच्या टेबलावर ताऱ्याचा रुपया आणि तुघऱ्याची दोन पै शेजारी शेजारी ठेवलेली असतात. दोन्ही एकाच टांकसाळीची लेकरे. वाचकांपैकी कुणाच्या घरी असा डबा असेल, तर मोडीत घालण्यापूर्वी त्यातील निदान एका नाण्याचे साल वाचून पाहावे, एवढीच विनंती.